स्ट्रॅटेजी गेमचा मॉड बनवताय? बॅलन्समधल्या या चुका टाळा

"तिरंदाज कमजोर वाटतायत, हल्ला फक्त एकने वाढवू." नवख्या मॉडरच्या, म्हणजे तयार गेममध्ये स्वतःचे बदल करणाऱ्याच्या, हातून बॅलन्सची (युनिटांमधल्या समतोलाची) सगळ्यात जास्त नासधूस होते ती इथे. ज्या गेममध्ये हल्ल्यातून चिलखत थेट वजा होतं, तिथे +१ कधीच किरकोळ नसतो. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये साध्या तिरंदाजाचा हल्ला ४ आणि नाइटचं (चिलखती घोडेस्वाराचं) बाणांविरुद्धचं चिलखत २. म्हणजे बाणामागे डॅमेज (इजा) २, आणि १०० एचपीचा (जीवनबिंदूंचा) नाइट ५० बाणांत पडतो. हल्ला ५ केला की तोच नाइट ३४ बाणांत खलास. बिनचिलखती युनिटवर या +१ने डॅमेज २५ टक्के वाढतं, नाइटवर ५० टक्के आणि चिलखत ३ असलेल्यावर थेट दुप्पट होतं.

पुढचं रामायणही ठरलेलं. नाइट पटापट मरतात म्हणून त्यांचं चिलखत एकने वाढवलं जातं. तिरंदाज विरुद्ध नाइट हे गणित पूर्ववत होतं, पण हल्ला ४ असलेली बाकीची नेमबाज युनिटं आता नाइटला निम्मंच डॅमेज देतात. मग त्यांनाही +१. दोन-तीन पॅचनंतर (सुधारित आवृत्त्यांनंतर) मार खातं ते बिनचिलखती पायदळ, ज्याच्याबद्दल मुळात कुणाची तक्रारच नव्हती.

म्हणून आधी तक्ता करा. आडव्या ओळीत मारणारे, उभ्या रकान्यात मरणारे आणि प्रत्येक घरात किती फटके लागतात तो आकडा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. डॅमेज १० असेल तर ४० एचपीचं युनिट चार फटक्यांत मरतं, ४१चं पाच. हा तक्ता भरायला एक संध्याकाळ जाते आणि तेवढा धीर नसेल तर बॅलन्सच्या वाटेला जाऊच नये. नको त्या घरातला आकडा हलत असेल तर हल्ल्याला हात न लावता किंमत पाच-दहाने किंवा तयार होण्याचा वेळ एक-दोन सेकंदांनी बदला. तिथे चूक झाली तरी बाकीचा तक्ता शाबूत राहतो.

एचपी १० टक्के आणि हल्लाही १० टक्के वाढवला तर ताकद २० नव्हे, २१ टक्के वाढते. संख्येचा हिशेब तर त्याहून कडक आहे. लँचेस्टरच्या वर्गनियमानुसार (सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते, असं सांगणारं युद्धाचं गणित), सगळे एकाच वेळी नेम धरू शकत असतील तर दुप्पट संख्येशी बरोबरी करायला प्रत्येक युनिट चौपट सरस लागतं. त्यामुळे "दुप्पट महाग, दुप्पट ताकदवान" हे नेमबाजांच्या बाबतीत महाग युनिटचं नुकसानच करतं.

इतिहासातल्या नावाला भुलून आकडे फुगवणं ही दुसरी जुनी खोड. १४१५च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्लिश तिरंदाजांनी फ्रेंचांना हरवलं, त्यामुळे इंग्लिश लाँगबोला (लांब धनुष्याला) प्रत्येक मॉडमध्ये अफाट डॅमेज मिळतं. पण त्या दिवशी चिखल होता, दोन्ही बाजूंना झाडी असलेलं चिंचोळं मैदान होतं आणि तिरंदाजांपुढे अणकुचीदार खुंट रोवलेले होते. १४२९मध्ये फ्रान्समधल्या पातेच्या लढाईत खुंट रोवून व्हायच्या आत फ्रेंच घोडदळ येऊन धडकलं आणि तेच तिरंदाज उधळले गेले. तेव्हा डॅमेज माफक ठेवा आणि खुंट रोवण्याची क्षमता द्या: आठेक सेकंद लागतील, तेवढ्यात बाण सुटणार नाहीत, समोरून आलेल्या घोडदळाला मात्र जबर फटका. खेळणाऱ्याला जागा आणि वेळ निवडावी लागते आणि इतिहासही खरा उतरतो.

फक्त कॉम्प्युटरविरुद्ध चाचणी करू नका. तो बाण मारून मागे सरकणाऱ्या घोडेस्वारांशी नीट लढत नाही, त्यामुळे मंगुदाईसारखी (मंगोलांचे घोड्यावरचे तिरंदाज) युनिटं त्याच्यापुढे अजिंक्य वाटतात.

सुरुवातीचा १० टक्के आर्थिक बोनस आणि शेवटच्या युगातला १० टक्के एकाच मापाने तोलू नका. पहिल्याचं चक्रवाढ होतं.

जिंकण्याची टक्केवारी नवखे आणि मुरलेले खेळाडू वेगळे करूनच वाचा.

आणि एका पॅचमध्ये एकाच युनिटचा एकच आकडा बदला. पाच बदल एकदम केले की बिघाड कुठल्या बदलाने झाला ते शोधायला पाचही मागे घ्यावे लागतात.