वादळात पत्रे उडाले तर: आधी मोजा, मग उचला

वारा थांबला की बहुतेक जण पहिले धुऱ्यावर पडलेले पत्रे गोळा करायला धावतात. भरपाईचं काम इथंच बिघडतं. आधी मेन स्विच पाडा. तुटलेली तार पत्र्याला टेकली असेल तर जवळ न जाता महावितरणच्या १९१२ वर कळवा. मग मोबाइल काढा. घराचे चारही कोपरे, घरक्रमांक दिसेल असा दरवाजा, उघड्या पडलेल्या फाट्या (पत्र्याखालची आडवी लाकडं), आणि पत्रे जिथं पडले त्याच जागेवर, असे फोटो घ्या. वहीत तारखेसह लिहा: एकूण पत्रे २४, उडाले ७, वाकले ४, फाट्या मोडल्या ३. कवेलूचं (कौलारू) घर असेल तर फुटक्या कवेलूंचा ढीग हलवू नका.

फोटो झाले की ताडपत्री टाका. धान्य भिजू देऊन पंचनाम्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही, आणि विमा कंपनीलाही नुकसान वाढू न देणंच अपेक्षित असतं. ताडपत्रीचं बिल ठेवा. मोडके पत्रे मात्र भंगारवाल्याला लगेच देऊ नका.

सरकारी मदत आणि विमा ही दोन वेगळी कामं आहेत. मदतीसाठी तलाठ्याला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये धरले आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. म्हणून पंचनाम्यात ‘पत्रे उडाले’ एवढ्यावर सही करू नका. खचलेली भिंत, मोडलेली मयाल (छताची मुख्य तुळई), संख्येसकट लिहून घ्या. गोठ्याची नोंद वेगळी करायला लावा. ती हमखास राहते.

पीक विम्यात घर येत नाही. मात्र घरासाठी बँकेचं कर्ज असेल तर कागद उघडून पाहा, त्यासोबत घराचा विमा काढलेला असू शकतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ येतं. कंपनीला लगेच कळवा, दावा क्रमांक घ्या, नुकसान पाहणारा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत कायमची दुरुस्ती थांबवा. त्याच्यापुढे मिस्त्रीचं खर्चाचं पत्रक ठेवा: पत्रे, फाट्या, मजुरी वेगवेगळी. गंजलेला पत्रा ‘जुनी झीज’ म्हणून कापला जातो. लग्नाकार्यातल्या जुन्या फोटोत छत दिसत असेल तर तो इथं कामी येतो. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही.

नवे पत्रे बसवताना वाऱ्याचा जोर कडेला असतो हे मिस्त्रीला सांगा. वारा ओसरीखाली शिरून पत्रा वर उचलतो. कडेच्या फाटीवर जे-हुक (पत्रा फाटीला धरणारे वाकडे बोल्ट) जवळजवळ घ्या, छिद्र नाळीत नको, उंचवट्यावर पाडा, नटाखाली रबरी वॉशर टाका. एकावर एक चढण खाली-वर सहा इंच, बाजूला दीड ते दोन नाळी. फाटी भिंतीला लोखंडी पट्टीनं बांधलेली नसेल तर हुक कितीही मारा, पत्रा फाटीसकट जातो. आणि पत्र्यावर दगड ठेवायचे नाहीत. जोराच्या वाऱ्यात ते खाली झोपलेल्या माणसावर येतात.