कमल बस्तीचं कमळ दिवाळीच्या वाकळेवर

बेळगावात कलेच्या इतिहासावर व्याख्यान असलं की मी पुढची रांग गाठते. मागून पडद्यावरची बारीक नक्षी कळत नाही. विषय कमल बस्तीचा, म्हणजे किल्ल्यातल्या जुन्या जैन मंदिराचा असेल, तर आदल्या दिवशी किल्ल्यात जाऊन छत बघून या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती १२०४ साली बांधली. छताच्या मधोमध दगडी कमळ उमललंय, मान दुखेपर्यंत बघावं असं. वक्ते पाकळ्यांचे थर समजावतात तेव्हा लिहीत बसू नका, वहीत आकार काढा. शंका तिथंच विचारा.

घरी आल्यावर तोच आकार घेऊन दिवाळीची वाकळ शिवायला घ्या. जुनी सुती लुगडी धुऊन काठ कापून ठेवा, कडेला लागतील. नायलॉन नकोच, थर सरकतात. खाली अख्खं लुगडं ताणून पसरा, वर आणखी दोन थर. सुरकुत्या तळहातानं बाहेर सारत लांब कच्चे टाके घाला. पाकळ्यांच्या कडा आत दुमडून मध्यावर टाचा. मग कडेपासून आत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं धावदोरा घालत या. लेकीसाठी असेल तर तिच्या झबल्याची एक पाकळी लावाच. कच्चे टाके सगळ्यात शेवटी उसवा.