नागपूरकडच्या रानातली आमरी कशी ओळखावी

ऑर्किड बघायचं तर कोकणात जा, सिक्कीमला जा, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पण उन्हाळ्यात 45 अंशांत होरपळणाऱ्या आपल्या सागवानाच्या रानातही ऑर्किड, म्हणजे आमरी, आहेत. रामटेक-पेंचकडच्या जंगलात आहेत, तशा वावराच्या धुऱ्यावरच्या जुन्या आंब्या-मोहांवरही आहेत. वर्षातले बरेच महिने त्यांना फूल नसतं, म्हणून त्या नजरेतून सुटतात.

सुरुवात झाडापासून करा. फांदीवर हिरवा झुबका दिसला की लोक 'बांडगूळ' म्हणून मोकळे होतात. कळमेश्वरकडच्या आमच्या वावरात अशीच चूक झाली. आंब्यावरची आमरी बांडगूळ समजून सालदाराने खरवडून काढली. तो आंबा आता मुकाच वाटतो मला. फरक ओळखणं खरं तर सोपं आहे. बांडगुळाची फांदी झाडाच्या फांदीत घुसून एकजीव होते आणि जोडावर गाठ येते. आमरी झाडाच्या जिवावर जगत नाही, तिची जाड, राखाडी मुळं सालीवरून नुसती सरपटतात. बाटलीतलं थोडं पाणी त्या मुळावर ओता. बघता बघता राखाडी मूळ हिरवं होतं, कारण मुळाभोवतीचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. पाऊस नसतानाचे महिने ती याच मुळांच्या भरवशावर काढते.

आपल्याकडे झाडावर जी भेटण्याची शक्यता जास्त, ती रास्ना, शास्त्रीय नाव व्हॅन्डा टेसेलाटा. पानं पट्टीसारखी, मधे पन्हाळीसारखी दुमडलेली, आणि टोक कुणी कुरतडल्यासारखं. पाकळ्यांवर पिवळट-तपकिरी चौकटी, पाठीमागून त्या पांढऱ्या, आणि ओठ जांभळट-निळा. 'व्हॅन्डा' हे नाव संस्कृतातल्या 'वंदाक' वरूनच गेलं आहे.

आता फूल. कुठल्याही आमरीत बाहेरची 3 दलं आणि आतल्या 3 पाकळ्या असतात. त्या आतल्या तिघींपैकी एक बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. मधे पुंकेसर वेगळे दिसत नाहीत. पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच खांब झालेला असतो. ओठ आणि खांब, दोन्ही दिसले की खात्री धरा.

जमिनीवरच्या आमरी शोधायला वेळ साधावी लागते. युलोफिया रोहिणी-मृगाच्या आसपास दांडा काढते, पानं मागून येतात. नर्व्हिलियाचं तर आधी फूल, ते सरल्यावर जमिनीलगत एकच पान. फूल आणि पान एकत्र सापडेल या आशेने गेलात तर दोन्ही हुकतील. पोळा-मारबतीच्या सुमारास गवतात हॅबेनारिया बघा. हॅबेनारिया मार्जिनाटाची पानं जमिनीला चिकटून पसरतात आणि त्यांना पिवळी किनार असते. फुलाच्या मागे मधाची नळी लोंबते, ती बाजूने बघितल्याशिवाय दिसत नाही.

फसवणारीही आहेत. काळ्या मुसळीच्या शास्त्रीय नावातच 'ऑर्किडसारखी' असा अर्थ आहे, आणि घड्या पडलेली तिची पानं खरंच युलोफियासारखी दिसतात. पण तिचं पिवळं फूल जमिनीलगत, 6 सारख्या पाकळ्यांचं. सफेद मुसळीचं फूल पांढरं, पण त्याच्याही 6 पाकळ्या सारख्याच. ओठ नाही, म्हणजे आमरी नाही.

फोटो निदान चार काढा: फूल समोरून, फूल बाजूने, पानाचं टोक, आणि झाडावरची असेल तर मूळ व ते झाड. सोबत तारीख लिहा. नुसत्या समोरच्या फोटोवरून हॅबेनारियाची जात सांगणं अवघड जातं.

कंद उकरून घरी आणू नका. आमरीच्या एका बोंडात धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण मातीत किंवा सालीत योग्य बुरशी मिळाली तरच त्या रुजतात. ती बुरशी तुमच्या कुंडीत नसते. जंगलात शिरताना वनविभागाची परवानगी घ्या, गवतात पाय जपून टाका, आणि सापडलेल्या जागेची खूण डायरीत ठेवा. पुढच्या मृगात त्याच झाडाखाली परत जा. गेल्या वर्षी ज्या आमरीचं नुसतं पान दिसलं होतं, तिचं फूल बघायची संधी तेव्हा असते.