नाशिकात घड्याळ घेताना: कुठल्या ब्रँडचं कुठलं मॉडेल घ्यावं, कुठलं टाळावं

लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ हातात ठेवूनच मी रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या खोल हौदात, धप्पा म्हणजे उडी मारली होती. मागे ३० मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं होतं, रहाड काही ३० मीटर खोल नसते, मग काढायचं कशाला असं वाटलं. संध्याकाळी काचेच्या आतून वाफ धरली, दुसऱ्या दिवशी सहाच्या आकड्याखाली रंगाचा डाग उतरला आणि तिसऱ्या दिवशी काटे थांबले. मेन रोडजवळ ज्या काकांकडे मी सेल टाकायला जातो त्यांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने आतली पाणी अडवणारी रबराची रिंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाने दाबली तर बिस्किटासारखी तुटली. काका म्हणाले, कंपनी चांगलीच आहे हो, पण हे मॉडेल ऑफिसात घालायचं, पाण्यातलं नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की घड्याळ कुठल्या कंपनीचं घेऊ, तर मी आधी विचारतो की ते घालून दिवसभर करणार काय. कारण प्रत्येक मोठ्या ब्रँडमध्ये दहा वर्षं चालणारी मॉडेलं आहेत आणि दोन वर्षांत काकांच्या टेबलावर येणारीपण आहेत.

दुकानात गेलात की पहिलं काम म्हणजे घड्याळ उलटं करा. डायल सगळ्याच छान असतात, खरी माहिती पाठीवर असते. तिथे पूर्ण स्टेनलेस स्टील लिहिलंय की फक्त 'स्टेनलेस स्टील बॅक' हे नीट वाचा. नुसतं बॅक लिहिलं असेल तर झाकण तेवढं स्टीलचं, बाकीची केस पितळ किंवा दुसऱ्या धातूची आणि वरून पाणी चढवलेलं. लग्नात जावयाला द्यायची सोनेरी घड्याळं बरीचशी अशीच असतात, मग ब्रँड कुठलापण असो. पिंपळगाव बसवंतला माझ्या मेहुण्याने तसलं घड्याळ द्राक्षबागेत घातलं, फवारणीचं औषध आणि मे महिन्याचा घाम, एका सीझनमध्ये कडांवरचं सोनं जाऊन खालचा धातू दिसायला लागला. सोनेरी हवंच असेल तर फक्त लग्नकार्यात घाला आणि घरी आल्यावर मऊ कपड्याने पुसून ठेवा.

मग मीटरचा आकडा. ३० मीटर म्हणजे तीस मीटर पाण्यात जा असा अर्थ नाही, नवीन घड्याळावर तेवढा स्थिर दाब टाकून केलेली ती टेस्ट असते. त्याचा व्यवहारातला अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पावसात गाडीवरून घरी येणं, बस. पोहायला जाणार असाल तर १०० मीटर बघा, त्याखाली नको. रहाड, धरण, २०२७ च्या सिंहस्थात गोदावरीतलं स्नान यासाठी तर २०० वालंच. आणि कितीही मीटरचं असलं तरी गरम पाण्याच्या अंघोळीला काढून ठेवा, वाफ आणि साबण रबराला खातात.

आता ब्रँडवार सांगतो.

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात चांगलं घड्याळ. १९८९ पासून जवळपास तसंच विकलं जातंय, वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षांच्या आसपास चालतो, महिन्याला फार तर ३० सेकंद इकडेतिकडे. लाइट मात्र अगदी मिणमिणता, रात्री पाणी भरायला शेतात जाणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. याच घराण्यातलं चकचकीत चंदेरी ए१५८ किंवा ए१६८ घेताना लक्षात ठेवा की ती केस स्टीलची नाही, प्लास्टिकवर क्रोम चढवलेलं आहे आणि रोजच्या वापरात कडा उघड्या पडतात. रफ कामाला जी-शॉक. १९८३ ला पहिलं आलं तेव्हा दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा बार (म्हणजे साधारण १०० मीटर पाण्याइतका) दाब सोसावा आणि सेल दहा वर्षं टिकावा असं डोक्यात ठेवून ते बनवलं होतं. त्यातलं साधं चौकोनी डीडब्ल्यू-५६०० घ्या, २०० मीटरचं आहे, पट्टा काही वर्षांनी तडकतो पण नवीन बसतो. ढीगभर काटे आणि डायलमध्ये डायल असलेली मॉडेलं दिसायला भारी, पण उन्हात गाडी चालवताना वेळ पटकन वाचता येत नाही.

टायटनमध्ये मला मनापासून आवडतं ते एज. २००२ ला आलं, पूर्ण घड्याळ ३.५ मिलिमीटर जाड आणि आतलं मशीन फक्त १.१५, आपल्या देशात बनलेली ही वस्तू हातात घेऊन बघाच एकदा. पण ते शर्टाच्या बाहीखाली घालायचं घड्याळ आहे. सातपूरला लेथवर उभं राहणाऱ्याने ते घेऊ नये, त्याच्यासाठी टायटनचीच सोनाटा बरी, सेल आणि पट्टा कुठल्याही गल्लीत मिळतो.

एचएमटी बद्दल लोक फार हळवे असतात, मीपण आहे, आमच्या आजोबांचं 'जनता' मॉडेल आजही सकाळी चावी दिली की चालतं. सतरा ज्वेलचं, म्हणजे झीज कमी करणारे सतरा खडे बसवलेलं साधं मशीन, जुन्या कारागिरांना पाठ असलेलं, काच अॅक्रिलिकची म्हणून ओरखडे पॉलिशने निघतात. पण २०१६ ला सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे ऑनलाइन 'नवीन' म्हणून जे भडक पोपटी नाहीतर जांभळ्या डायलचं 'पायलट' मॉडेल दिसतं ते बहुतेक वेळा जुन्या भंगारातलं मशीन आणि नवीन छापलेली डायल असते. त्यापेक्षा ओळखीत कुणाच्या कपाटात पडलेलं असेल ते मागून घ्या, सर्व्हिसिंग करा आणि वापरा. विकतच घ्यायचं तर झाकण उघडून दाखवा म्हणायचं, मशीनवर एचएमटीचा शिक्का नसेल तर परत द्या.

ऑटोमॅटिकची, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाची हौस असेल तर सेइको ५. जुन्यांमध्ये ७एस२६ मशीन होतं, त्याला हाताने चावी देता यायची नाही, बंद पडलं की हलवून चालू करावं लागायचं. २०१९ पासूनच्या सेइको ५ स्पोर्ट्समध्ये ४आर३६ येतं, ते चावी घेतं आणि वेळ लावताना सेकंद काटापण थांबतो, म्हणून जुन्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजू नका. घेताना बाराच्या खुणेवर बाहेरची रिंग नीट सरळ आलीये का ते बघा, या बाबतीत सेइकोची तक्रार जगभर आहे आणि पटलं नाही तर दुसरा पीस मागायला लाजू नका. आणि हे ठरवूनच घ्या की ऑटोमॅटिक मिनिटाला मिनिट जुळणार नाही, ४आर३६ दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे गेलं तरी कंपनीच्या हिशोबात ते बरोबरच असतं. ओरिएंटचं बँबिनो दिसायला इतकं सुंदर की लग्नाला मी तेच सुचवतो, पण ३० मीटरचंच आहे आणि मोठ्या साइजला पट्टा २१ मिलिमीटरचा लागतो, तो आपल्याकडे शोधत बसावा लागतो.

शेतकरी आणि बाहेर फिरणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून सिटिझनचं इको-ड्राइव्ह सांगतो. उजेडावर चार्ज होतं, दर दोन वर्षांनी सेल बदलायची कटकट नाही. सेकंद काटा दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला की घाबरू नका, ते उपाशी आहे, खिडकीत उजेडात ठेवा. डब्यात बंद करून मात्र महिनोन्महिने ठेवू नका.

टिसॉटचं पीआरएक्स चांगलं आहे, सफायर काच, १०० मीटर, पण पट्टा केसमध्येच बसवलेला, साधा बाजारातला पट्टा बसत नाही. स्वॉचचं सिस्टम५१ मी कुणालाच सांगत नाही. ५१ भागांचं मशीन, कल्पना जबरदस्त, पण केस सीलबंद, कारागीर उघडू शकत नाही, म्हणजे बिघडलं की संपलं. फॅशन ब्रँड, म्हणजे मायकेल कॉर्स, एम्पोरिओ आर्मानी, डॅनियल वेलिंग्टन, यांच्यात बऱ्याचदा साधं क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं मशीन असतं आणि बाकीचे पैसे नावाचे, आवडलं तर सवलतीत घ्या, पूर्ण किमतीला नको. फॉसिलची जुनी स्मार्टवॉच स्वस्तात दिसली तरी नको, २०२४ च्या जानेवारीत कंपनीने तो धंदाच सोडला.

घ्यायच्या आधी एक काम नक्की करा. मॉडेलचं नाव लिहून आपल्या भागातल्या घड्याळवाल्या काकांना दाखवा आणि विचारा की हे उघडता येतं का, मशीन मिळतं का. दोन मिनिटांत जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही. आणि अगदी निम्म्या किमतीत मिळत असेल तर ते फर्स्ट कॉपी समजा, बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड नसेल तर पैसे देऊ नका.

घेतल्यावर दोन-तीन गोष्टी. तारीख असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख हाताने फिरवू नका, तेव्हा आतले दाते एकमेकांत अडकलेले असतात. एकदम रोज काही मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी घड्याळात चुंबकत्व आलंय का ते तपासून घ्या, अंबडला ग्राइंडिंगवर असलेल्या माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, काकांनी छोट्या मशीनवरून फिरवलं आणि क्षणात ठीक. आणि कपाटात बंद पडलेलं सेलवालं घड्याळ असेल तर उद्याच नेऊन आतला सेल काढून घ्या, नवीन टाकायचा नसला तरी, कारण मेलेला सेल आतच फुटतो आणि त्याचं पाणी मशीनवर पसरलं की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.