बाइटकोड वाचायला शिका: 'सिस्टिम.एक्झिट' शोधण्याचा सराव

कोड स्कॅनर बनवणाऱ्या टीममध्ये नव्याने जाणाऱ्यांनी बाइटकोडच्या (जावा कोड कंपाइल झाल्यावर मिळणाऱ्या रूपाच्या) दोनशेच्या आसपास असलेल्या इन्स्ट्रक्शन पाठ करत बसू नये. एकच प्रश्न घ्या आणि तडीस न्या: या जारमध्ये (जावा क्लास एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) प्रोग्राम बंद करणारा 'सिस्टिम.एक्झिट' हा कॉल कुठे कुठे आहे आणि त्याला कुठला आकडा, म्हणजे एक्झिट कोड, दिलाय? सर्व्हरवरच्या लायब्ररीत हा कॉल असेल तर एका रिक्वेस्टपायी अख्खी प्रोसेस बंद पडू शकते. त्यामुळे हा सराव वाया जात नाही, आणि स्टॅटिक अ‍ॅनॅलिसिसच्या, म्हणजे कोड न चालवता तपासण्याच्या, बहुतेक खाचाखोचा त्यात येऊन जातात.

टूल नंतर लिहा. आधी जेडीकेतली (जावाच्या डेव्हलपमेंट किटमधली) बाइटकोड दाखवणारी 'जावापी' कमांड '-सी -पी -व्ही' देऊन एका छोट्या क्लासवर चालवा. '-पी' राहिलं तर प्रायव्हेट मेथड दिसत नाहीत, आणि लॅम्डाच्या (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनच्या) आतला कोड कंपायलर नेमका तिथेच ठेवतो. स्टॅटिक मेथडमध्ये नुसतं 'एक्झिट(२)' असेल तर ० वर 'आयकॉन्स्ट_२', १ वर 'इन्व्होकस्टॅटिक' आणि ४ वर 'रिटर्न' दिसेल. डावीकडचे आकडे बाइटचे आहेत, ओळींचे नाहीत. 'इन्व्होकस्टॅटिक' तीन बाइट खाते म्हणून १ नंतर थेट ४. आता आकडा बदलून बघा. 'आयकॉन्स्ट' फक्त -१ ते ५ पर्यंत चालते. ६ ला 'बायपुश' येईल, २०० ला 'एसआयपुश', ४०००० ला 'एलडीसी'. टूलला या चारही ओळखता आल्या पाहिजेत.

टूलसाठी एएसएम ही बाइटकोड वाचणारी लायब्ररी घ्या. जुन्या आवृत्तीला जावा २१ चा क्लास दिला तर मेजर व्हर्जन ६५ चालत नाही असा एरर येतो; लायब्ररी अपडेट केली की काम झालं. प्रत्येक 'मेथडनोड'मधल्या (एएसएममध्ये एका मेथडसाठी असलेल्या ऑब्जेक्टमधल्या) इन्स्ट्रक्शन फिरून ओनर (मेथड ज्या क्लासची तो) 'जावा/लँग/सिस्टिम', नाव 'एक्झिट' आणि डिस्क्रिप्टर '(आय)व्ही' (एक इंट घेते, काही परत देत नाही) जुळतं का ते बघा. ओनरमध्ये टिंब नसतं, तिरकी रेघ असते. टिंब टाकलं तर एकही मॅच मिळत नाही आणि एररही येत नाही.

खरी अडचण आकडा काढताना येते. कॉलच्या आधीची इन्स्ट्रक्शन वाचली की झालं, असं वाटतं. 'एक्झिट(ओके ? ० : १)' याचा बाइटकोड बघा: १ वर 'इफइक्यू ८' (ओके खोटं असेल तर ८ वर उडी), ४ वर 'आयकॉन्स्ट_०', ५ वर 'गोटू ९', ८ वर 'आयकॉन्स्ट_१', ९ वर कॉल. मागे वळून पाहणाऱ्या टूलला फक्त १ सापडतो, ० हातातून निसटतो. शिवाय एएसएमच्या यादीत ८ आणि ९ च्या मध्ये लेबल आणि फ्रेमचे नोड असतात. त्यांचा ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा क्रमांक) -१ येतो, ते खऱ्या इन्स्ट्रक्शन नव्हेत.

इथे एएसएममधल्याच 'अ‍ॅनलायझर'ला 'सोर्सइंटरप्रिटर' देऊन चालवा. कॉलच्या फ्रेममध्ये (त्या इन्स्ट्रक्शनच्या वेळी स्टॅक आणि लोकल व्हेरिएबलमध्ये काय आहे त्याच्या नोंदीत) स्टॅकच्या सर्वात वरची व्हॅल्यू मागितली की ती कुठल्या कुठल्या इन्स्ट्रक्शनमधून आली त्यांचा संच मिळतो, म्हणजे इथे दोन्ही 'आयकॉन्स्ट'. आकडा लोकल व्हेरिएबलमधून आला असेल तर संचात नुसती 'आयलोड' दिसेल. मग त्याच स्लॉटच्या 'आयस्टोअर'पर्यंत पुन्हा मागे जावं लागतं. जिथे कंट्रोल कधी पोचतच नाही तिथली फ्रेम नल असते. ती तपासली नाही तर टूल स्वतःच कोसळतं.

मोजणीतही दोन जागी चूक होते. 'फायनली'मधला कोड कंपायलर बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर कॉपी करतो, म्हणून एकच कॉल दोनतीनदा दिसतो. त्याच मेथडमध्ये लाइन नंबर एकच असेल तर एकदाच धरा. उलट 'सिस्टिम::एक्झिट' असा मेथड रेफरन्स असेल तर 'इन्व्होकस्टॅटिक' दिसतच नाही. तिथे 'इन्व्होकडायनॅमिक' असते आणि खरं लक्ष्य तिच्या बूटस्ट्रॅप आर्ग्युमेंटमधल्या हँडलमध्ये (मेथडकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीत) असतं, म्हणून ती आर्ग्युमेंटंही चाळा. 'रनटाइम'वरचे 'एक्झिट' आणि 'हॉल्ट' यांनाही यादीत घ्या, परिणाम तोच होतो.

रिफ्लेक्शनने (मेथड नावावरून शोधून) केलेला कॉल या पद्धतीने पकडता येत नाही, कारण नाव कधीकधी चालू प्रोग्राममध्येच तयार होतं. ज्या मेथडमध्ये 'मेथड.इन्व्होक' आढळेल त्यांची रिपोर्टमध्ये वेगळी यादी द्या, आणि त्या जागा 'कॉल नाही' म्हणून मोजू नका.