एअर प्युरिफायर लावलाय तरी खोकला जात नाही? या चुका टाळा

डिसेंबरमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, अरे मशीन घेऊन तीन आठवडे झाले, रात्रभर चालू असतं, तरी काकांची धाप आहे तशीच, जरा येऊन बघतोस का. गेलो. मागचं झाकण काढून फिल्टर बाहेर ओढला तर तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत! तीन आठवडे हवा नुसती पिशवीच्या कडेकडेने फिरत होती. यात काकूंची काही चूक नाही, बऱ्याच मशीनमध्ये फिल्टर आतच पॅक होऊन येतो आणि वरून काही कळत नाही. त्यामुळे तुमचं मशीन नवं असेल तर बाकी काही वाचायच्या आधी उठा, प्लग काढा आणि झाकण उघडून बघा.

दुसरी चूक दुकानातच होते. खोक्यावर "300 चौरस फुटांसाठी" असं लिहिलेलं असतं आणि आपण तेवढं बघून घेतो. बघायचा असतो तो सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. हिशोब सोपा आहे. आपली 10 बाय 12 ची बेडरूम, उंची साधारण 10 फूट धरली तर 1200 घनफूट, त्याला 35 ने भागलं की झाले 34 घनमीटर. घरात दम्याचा पेशंट किंवा लहान बाळ असेल तर ही हवा तासाला पाचेक वेळा गाळली जायला हवी, म्हणजे सीएडीआर 170 तरी पाहिजे. आणि खरी मेख पुढेच आहे, तो छापलेला आकडा फुल स्पीडचा असतो, आपण मात्र आवाज नको म्हणून रात्री स्लीप मोडवर टाकतो आणि तिथे बहुतेक मशीन निम्म्याहूनही कमी हवा देतात. म्हणून माझं स्पष्ट मत, बेडरूमसाठी 300 च्या आसपास सीएडीआर असलेलं मशीन घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. छोटं मशीन हॉलमध्ये ठेवून अख्खा टू बीएचके साफ होईल या आशेवर राहू नका, ते होत नाही. एकच मशीन असेल तर जिथे झोपता तिथे ठेवा, दार लावून. सीलिंग फॅन हळू चालू असला तरी चालतो, उलट हवा फिरायला मदतच होते.

ठेवायची जागापण बघा. पडद्यामागे, सोफा आणि भिंतीच्या सापटीत, कपाटाला चिकटवून ठेवलं की हवा ओढायलाच जागा राहत नाही, चारही बाजूंनी फूटभर तरी मोकळं सोडा.

आता फिल्टर धुणं. आपल्याकडे काहीही धुवून परत वापरायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, पण हेपा फिल्टर नळाखाली धरायचा नाही. तो अगदी बारीक तंतूंचा घडीघडीचा कागदासारखा थर असतो, एच13 दर्जाचा असेल तर अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा 99.95 टक्के अडवतो, पाणी लागलं की ते तंतू बिघडतात आणि तो नुसता जाळी म्हणून उरतो. धुवायची ती बाहेरची जाळी, म्हणजे प्रीफिल्टर, केस आणि जाड धूळ अडकते ती, तीसुद्धा कंपनीने धुवा म्हटलं असेल तरच. दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत लावा. आमच्यासारखं शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला. पावसाळ्यात मशीन चार महिने बंद ठेवून दिवाळीला चालू केलं आणि कुबट वास आला तर फिल्टर ओल धरून बसलाय, अत्तर मारू नका, सरळ बदला. आणि "फिल्टर बदला" चा लाल दिवा बऱ्याच मशीनमध्ये फक्त चाललेले तास मोजतो, घाण मोजत नाही, तेव्हा दर महिन्याला डोळ्यांनी बघा, पांढरा फिल्टर काळपट करडा झाला आणि हवेचा झोत मंदावला की वेळ झाली.

सगळ्यात जीव तुटतो तो यापुढच्या गोष्टीने. मशीन चालू आणि त्याच खोलीत डासांची कॉइल! एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगरेटींएवढे पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे अतिबारीक कण सोडते, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. कोणतंही मशीन याला पुरं पडणार नाही. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. देवापुढची उदबत्ती मी बंद करा म्हणत नाही, श्रद्धेचा भाग आहे, पण देव्हारा असलेल्या खोलीची खिडकी तेवढ्या वेळापुरती उघडा आणि बेडरूमचं दार लावून घ्या. फोडणी टाकायच्या आधी चिमणी किंवा एक्झॉस्ट लावा, ठसका लागल्यावर नाही. फोडणीच्या वेळी प्युरिफायर किचनमध्ये नेऊ नका, तेलाचा चिकट थर बसून फिल्टर लवकर जातो.

खिडकी कधी उघडायची हापण प्रश्न असतो. "सकाळची ताजी हवा" म्हणून हिवाळ्यात सहाला खिडक्या सताड उघडतात, पण थंडीत रात्रीची गार हवा खाली बसते आणि धूर, धूळ तिच्यातच अडकून पडते, त्यामुळे पहाटेची हवा बहुतेकदा जास्त खराब असते. दुपारी ऊन तापल्यावर अर्धा तास उघडा. उघडायची मात्र नक्की, कारण बंद खोलीत तीन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि प्युरिफायर तो कमी करत नाही. स्प्लिट एसीसुद्धा बाहेरची हवा आत आणत नाही, तीच तीच फिरवतो. आणि कृपा करून हे लक्षात ठेवा, बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड हेपा अडवत नाही, वास शोषणारा कार्बन फिल्टरही नाही. तिथे गिझर बाहेर काढणं किंवा हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

मशीनवर दिसणारा पीएम 2.5 चा आकडा खालीच येत नसेल तर असं तपासा. दार-खिडक्या बंद, फुल स्पीड, अर्धा तास. तेवढ्यात पीएम 2.5 निम्म्याखाली यायलाच हवा. नाही आला तर दाराखालची फट, स्लायडिंग खिडकीच्या कडा बघा, जुना टॉवेल लावून परत मोजा. याउलट आकडा कायम 5 वर अडकलेला असेल तर सेन्सरच्या छोट्या झडपेत धूळ बसलेली असू शकते, कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. खोलीत ह्युमिडिफायर चालू असेल तर त्याच्या तुषारांनीसुद्धा आकडा उगाच चढतो. जमलं तर छोटा वेगळा मीटर घेऊन उशीजवळ ठेवा, कारण मशीनचा सेन्सर मशीनजवळची हवा मोजतो, तुमच्या नाकाजवळची नाही.

जुना फिल्टर काढताना मास्क लावा, गॅलरीत जाऊन काढा, झटकू नका, लगेच कचऱ्याच्या पिशवीत घालून तोंड बांधा. आणि नव्या फिल्टरची पिशवी काढायला विसरू नका.