फायरप्लेस पेटवायची जुनी ब्रिटिश रीत

१९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत सेंट्रल हीटिंग, म्हणजे सगळं घर एकदम गरम करायची सोय, नव्हतं. थंडीत बैठकीच्या खोलीतली कोळशाची आग पेटवणं हे सकाळचं पहिलं काम. ज्यांनी बंब पेटवलाय त्यांना यातली मेख लगेच कळेल: आग खालून येणाऱ्या हवेवर जगते.

म्हणून आधी कोळशाखालची लोखंडी जाळी हलवून कालची राख खाली पाडा. अर्धवट जळलेले खडे वेचून ठेवा, ते पुन्हा चांगले पेटतात. राख पत्र्याच्याच डब्यात टाका. वरून गार दिसली तरी पोटात निखारा असतो.

वर्तमानपत्राची पाच-सहा पानं सैल पिळून जाळीवर ठेवा. घट्ट गोळे केले तर नुसत्या कडा करपतात आणि धूर होतो. त्यावर लाकडाच्या दहा-बारा वाळक्या चिपट्या आडव्या-उभ्या रचा, वर अंड्याएवढे सात-आठ कोळसे. मोठं ढेकूळ आत्ताच ठेवलंत तर लाकूड जळून जाईल आणि कोळसा तसाच राहील. काडी खालून, दोन-तीन ठिकाणी लावा.

धूर खोलीत येत असेल तर धुरांड्यात गार, जड हवा साचलेली असते. कागदाची पेटती सुरळी धुरांड्याच्या तोंडाशी धरा, ओढ सुरू होते.

आग रेंगाळली की बायका वर्तमानपत्राचं अख्खं पान फायरप्लेसच्या तोंडावर ताणून धरत, खाली जाळीपाशी तेवढी फट. सगळी हवा कोळशांतून ओढली जाई आणि आग घुमू लागे. पण पानाच्या मधोमध तपकिरी डाग उमटला की संपलं: पुढच्या क्षणी ते भडकतं, धुरांड्यात वर खेचलं जातं आणि तिथली काजळी पेट घेते. त्यासाठी पत्र्याचं झाकण मिळे, तेच वापरावं. धुरांडं वर्षातून एकदा तरी साफ हवंच.

रात्री निखाऱ्यांवर ओलसर कोळशाची भुकटी थापत. सकाळी सळईने एकदा फोडली की आत लाल धग तयार. आग सारखी ढवळू मात्र नका.

याच धुराने डिसेंबर १९५२मध्ये लंडनमध्ये हजारो माणसं दगावली आणि १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. इंग्लंडमध्ये मे २०२३पासून घरगुती वापराचा हा धुराचा कोळसा विकता येत नाही. जुन्या फायरप्लेसमध्ये आता बिनधुराचं इंधन घालतात; ते उशिरा धरतं, तेव्हा चिपट्या दुप्पट घ्या.